वसतिगृहाचा कोट

पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मी पुन्हा नगरच्या त्या कचेरीत जाऊन उभा राहतो.

लढाई संपली त्या साली मी बी. ए. झालो. मुलाखतीला घालायला आमच्या वसतिगृहात पोरांचा मिळून एकच लोकरी कोट होता. नोकरी लागली की तो पुढच्याला द्यायचा, असा रिवाज. कचेरीतले साहेबही आमच्याच वसतिगृहातले निघाले. बाही चाचपत हसले, "अरे, हा तर आपला कोट! मीही हाच घालून आलो होतो." मला चहासुद्धा पाजला.

कर्जतला परतलो तर वडील हरखले. "सायबानं वळखलं? मंग झालंच की काम!"

साहेबांनी कोट ओळखला होता. माझं नावही विचारलं नव्हतं, हे फार उशिरा ध्यानात आलं. कोट पुढच्याला द्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.