दामोदर या नावाचा अर्थ

गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांविषयी मला फार आदर वाटायचा. बँकेतून निवृत्त झालेले, संस्कृत उत्तम, आणि दर कार्तिकात संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रवचन करणारे. तो आदर एकाच कार्तिकात संपला.

त्या दिवशी विषय होता दामोदर हे नाव. ‘‘दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट,’’ ते माईकवरून समजावत होते. खोडकर कृष्णाला यशोदा उखळाला बांधायला जाते, पण दोरी दर वेळी दोन बोटं कमी पडते. शेवटी आई घामाघूम झालेली बघून तो आपणहून बांधून घेतो. ‘‘ज्याला कुणी बांधू शकत नाही, तो आईपुढे हरतो. हे या नावाचं मर्म.’’ एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या बायकांनीही पुसले.

मला काही रडू येईना. खाली येताना मी त्यांच्या आईशी बोलून आले होते. आजी मूळच्या रत्नागिरीकडच्या, वय ऐंशीच्या पुढे. मुलगा-सून प्रवचनाला निघाले की सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लागायचं. आजी जाळी धरून उभ्या होत्या. ‘‘खाली माणसं जमली असतील ना गं? मलाही ने म्हणावं त्याला.’’

प्रवचन संपल्यावर प्रसादाच्या टेबलापाशी मी आजींचा निरोप त्यांना सांगितला.

‘‘वहिनी, तिचा भरवसा नाही. कुठेही चालू लागते,’’ ते पेढा तोडत म्हणाले. ‘‘आणि बंधन हेही प्रेमच असतं.’’

मर्म सांगून कोरडा पडलेला घसा अजून ओला व्हायचा होता, तोवर त्यांनी ते सोयीनं उलटंही करून घेतलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, ‘‘कालच्या विषयावर कुणाला काही शंका?’’ मी उभी राहिले.

‘‘शंका नाही. घराची चावी द्या, आजींना घेऊन येते.’’

सगळा हॉल त्यांच्याकडे बघू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘हां, माताजी को बुलाओ ना.’’ त्यांनी हसून खिशातून चावी काढली. हसू ओठांपुरतंच होतं.

आजींनी नवी साडी नेसेपर्यंत मला थांबवलं. खाली येऊन पहिल्या रांगेत बसल्या. मुलगा बोलता बोलता श्लोकात अडखळला, तेवढ्यात त्यांनी मला चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘हा एवढा कधीपासून बोलायला लागला? घरी तर तोंड उघडत नाही.’’ लोक हसले. मुलगा मात्र हसला नाही.

पौर्णिमेपर्यंत मी आजींना रोज खाली नेलं. मग गृहस्थांनी चावी परत मागितली. मी दिली नाही, आणि चारचौघांत पुन्हा मागायची त्यांची हिंमत झाली नाही. आता ते लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. हल्ली प्रवचनं मोबाईलवर करतात म्हणे, ऐकणारे पुष्कळ आहेत. मी ऐकत नाही. त्या वेळी आजी आणि मी खाली बाकावर असतो, आणि आजी शेजारच्या गुजराती बाईंना मोडक्या हिंदीत आंबोळ्या शिकवत असतात.