डोळे मिटा म्हटलं तेव्हा

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, पास्टरला नाही, आणि खरं सांगू का — प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत तिथपर्यंत आलो की मी विषय बदलतो. आजारी माणसांची नावं घ्यायला लागतो. देवापुढं विषय बदलणारा माणूस बघितलाय का कधी? मग बघून घ्या.

आमचं गाव परळी तालुक्यात, सिरसाळ्याच्या अलीकडं. गावच्या दूध संस्थेत मी फॅट काढायला असतो. म्हणजे लोक किटल्या घेऊन येतात, मी दुधाचं सॅम्पल मशीनला लावतो, किती फॅट लागलं — त्यावरच दर ठरतो — ते सांगतो आणि शिव्या खातो. रविवारी मात्र मी चर्चमधला लाडका माणूस. चर्च म्हणजे काय, पत्र्याची एक लांब खोली. आमची ख्रिस्ती घरं थोडकीच, एका अंगाला भीमनगर, दुसऱ्या अंगाला धनगरांची घरं.

व्हिडिओचं खूळ पास्टरसाहेबांचं. ते कुठल्याशा शिबिराला गेलते, तिथनं घेऊन आले. म्हणाले, लोक उपदेशाला पेंगतात, तर आधी जरा हसवू आणि मग बायबलचं वचन सांगू. मला नकला येतात हे सगळ्या गावाला ठाऊक. झालं! मोबाईल माझा, नकला माझ्या, आणि प्रोजेक्टर दूध संस्थेचा — वार्षिक सभा सोडली तर तो कपाटातच पडलेला असायचा. भिंतीला पांढरी चादर ठोकली. पहिल्या व्हिडिओत उपदेशाला घोरणारा माणूस मीच झालो. दुसऱ्यात उशिरा येऊन सगळ्यांच्या पायांवर पाय देत पुढं जाऊन बसणारा. लोक हसून हसून बेजार. भीमनगरातली पोरं खिडकीत यायला लागली, मग त्यांच्या आया आल्या. एक धनगर म्हातारा तर दर रविवारी विचारायचा, आज काय हाय रं तुमच्या देवाचं? पास्टरसाहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, ही सुद्धा सेवाच आहे. मला लई बरं वाटायचं. कावून नाही वाटणार? फॅट काढणाऱ्याला कोण सेवक म्हणतं, राव!

मग दुष्काळ पडला. गाव टँकरवर आलं. निम्मी माणसं ऊसतोडीला गेली, राहिलेली जनावरं घेऊन छावणीत. चर्चमध्ये रिकामी बाकडी दिसायला लागली. हंगामाचा सण तोंडावर आलता — त्या सणाला आमच्यात शेतात पिकलेलं देवापुढं आणून ठेवतात. त्या साली काय ठेवणार, ढेकळं? पास्टरसाहेब मला म्हणाले, राहिलेत त्यांना तरी हसव. आणि माझ्याकडं काहीच नव्हतं. हसण्यासारखं काही सुचतच नव्हतं.

आता मार्थामावशीचं सांगतो. सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मावशी विधवा, एक म्हैस बाळगून होती. तिचं दूध आमच्याच संस्थेत. आणि प्रार्थना करावी तर मावशीनं! पास्टरसाहेब म्हणायचे, मावशी, तुम्ही करा, आणि मावशी उभी राहिली की पंधरा-वीस मिनिटांची निश्चिंती. ती देवाला अशी बोलायची जसं काही तो ओट्यावर येऊन बसलाय. देवबापा, टँकर आज बी आला न्हाई, त्या ड्रायव्हरला जरा बग. देवबापा, म्हशीला फॅट लागू दे, संस्थेच्या सेक्रेटरीला सुबुद्धी दे. देवबापा, छावणीतली पेंड वली निघाली, तूच सांग आता जनावरांनी खावं काय? आणि हे बोलताना तिच्या दोन्ही हातांची बोटं हलायची, धार काढतात तशी. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. कारण प्रार्थनेला आम्ही सगळे डोळे मिटतो. लहानपणापासनं तीच शिकवण — डोळे मिटा, मान खाली.

मला कसं ठाऊक होतं? मी मधनंच डोळे उघडायचो. हे सुद्धा आज पहिल्यांदाच सांगतोय.

त्या रविवारी पावसासाठी प्रार्थना होती. मावशी उभी राहिली. सगळे डोळे मिटलेले, पास्टरसाहेबांचे तर घट्ट. मी मोबाईल काढला. लाज वाटली का? नाही. खोटं कशाला बोलू, मला आतनं गुदगुल्या होत होत्या. तिचा आवाज भरून आलता, डोळ्यांतनं पाणी गळत होतं, आणि मी बोटं नीट दिसावीत म्हणून मोबाईल खाली घेतला.

घरी त्याचा व्हिडिओ केला. रडण्याचा भाग कापला. टँकर, टँकर, टँकर असं पुन्हा पुन्हा लावून खाली ढोलकी टाकली. बोटं हलताना दुधाच्या धारेचा आवाज.

सणाच्या दिवशी लावला, ऐन वेळी, आधी कुणालाच न दाखवता. काय हशा पिकला म्हणून सांगू! दोन महिने जी माणसं हसली नव्हती, ती एकमेकांच्या अंगावर पडत होती. पास्टरसाहेब आधी गोंधळले, मग तेही हसले. मावशी पहिल्याच बाकावर होती. ती पण हसली, पदर तोंडाला लावून. देवापुढं तिनं तांब्याभर दूध आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संस्थेत आली. किटली ठेवली. रांगेत मागं कुणी नव्हतं. म्हणाली, "लेकरा, म्या तर डोळे मिटले व्हते. मग ह्ये काढलं कुणी?"

मी सॅम्पल मशीनला लावलं.

"पास्टरसाहेबांनी का? समोर त्येच उभे व्हते."

मी म्हणालो, "असंल. मला त्यांनीच पाठवला."

बस्स. एवढंच. एवढंच म्हणालो मी. कावून म्हणालो? तिनं नाव आयतं हातात दिलं म्हणून? पास्टरांवर ती चिडणार नाही असं वाटलं म्हणून? की ती सगळ्या गावाला सांगेल आणि माझं सेवकपण जाईल म्हणून? इतकी वर्षं मी हेच उलटंपालटं करतोय.

मावशीनं किटलीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "म्या देवाला बोलत व्हते रे. तुमाला न्हाई." किटली उचलली आणि फॅट किती लागलं ते न विचारताच गेली.

पुढच्या रविवारी पास्टरसाहेब म्हणाले, मावशी, प्रार्थना करा. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला सांगा. त्याच्या पुढच्या रविवारी पण तेच. पास्टरसाहेब तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला, सांगितलं काहीच नाही. गावात पोर आजारी पडलं की बाया आधी मावशीला बोलवायच्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला. तेही बंद झालं. मला पास्टरसाहेबांनी विचारलं, मावशीला काय झालं असेल? मी म्हणालो, वय झालं, दुसरं काय. बिचारे स्वतःलाच दोष देत राहिले, की आपलीच सेवा कमी पडली. त्यांची बदली झाली तेव्हा निरोपाला सगळं गाव रडलं. मावशी मागं भिंतीला टेकून उभी होती, पुढं आली नाही. त्यांनी लांबूनच हात जोडले. तिनं मान वळवली. ज्या माणसानं तिच्या प्रार्थनेत कधी डोळा उघडला नव्हता, त्याच्याकडं तिनं पाठ केली, आणि मी दोघांच्या मधे हार घेऊन उभा होतो.

आता घोळ ऐका. तो व्हिडिओ मोबाईलवरनं ऊसतोडीच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या खोपटांपर्यंत गेला. तिकडनं आलेली एक बाई मला म्हणाली, भाऊ, मावशीचा आवाज आला की आमाला गावात असल्यागत वाटायचं, आमी हसायचो आणि रडायचो. मग? वाईट झालं का चांगलं? त्या बाईचं हसणं खोटं होतं का? पुढच्या साली पाणी झालं, देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीला उभं राहायला कुणी नव्हतं, सगळे मावशीकडं बघत होते आणि ती चपलेशी चाळा करत होती. हे त्या हसण्यानंच झालं ना? का माझ्या त्या एका वाक्यानं? मी अजून व्हिडिओ करतो. आजूबाजूच्या चर्चची मंडळी मला शिकवायला बोलावतात, विनोदानं वचन कसं सांगावं ते. मी जातो. शाल देतात, घेतो.

मावशी आता थकली आहे. म्हैस केव्हाच विकली. पण चर्चला येते, कडेच्या बाकावर बसते.

गेल्या रविवारी नवीन पास्टर म्हणाले, डोळे मिटूया. सगळ्यांनी माना खाली घातल्या. थोड्या वेळानं माझे डोळे उघडले, जुनी खोड; इतकी वर्षं तिच्या बाकाकडं बघायचं टाळायचो, त्या दिवशी नजर गेली. आणि मावशीचे डोळे उघडेच होते. आता कळलं, तिनं त्या दिवसापासनं ते मिटलेलेच नाहीत. प्रार्थना चालू असते आणि ती एकेकाच्या हाताकडं बघत असते, कुणाच्या हातात मोबाईल आहे का. बाक, बाक, बाक असं करत तिची नजर माझ्यापर्यंत आली. माझे हात मोकळे होते. ती हातांवरनं माझ्या तोंडाकडं आली. तिनं बघितलं की माझे डोळे उघडे आहेत.

ती बघत राहिली. मी डोळे मिटून घेतले.