शिरपामाळावर आम्ही विझवलेला राब

माझ्या उजव्या पायाचा मोजा घसरतो. डाव्याचा घसरत नाही. दोन्ही मोजे एकाच दुकानातले, दोन्ही पोटऱ्या एकाच आईबापांच्या. तरीही संचलन सुरू झाले की उजवा मोजा घोट्याशी येऊन रुसलेल्या जावयासारखा बसतो. बालवीर चळवळ काढणाऱ्या विलायतेतल्या थोर गृहस्थांनी गाठी किती, शिट्ट्या किती, सलामीला बोटे किती याचा बारकाईने विचार केला. पण नाशकातल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या नकलनवीसाच्या पोटरीचा विचार कुणालाही सुचला नाही. या अन्यायाविरुद्ध मी रीतसर अर्ज करणार होतो. बायको म्हणाली, "अर्धी विजार घालून पोरांबरोबर रानात हिंडायची लाज वाटत नाही, ती मोज्याची कसली वाटते?" अर्ज राहिला.

तर मोजा वर ओढत यंदाच्या वैशाखात आम्ही जव्हारला गेलो. तुमच्यापैकी कुणाच्या मनात तिकडे जायचे असेल, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

बिनपगारी बालवीर-मास्तर होऊन मला बरीच वर्षे झाली. दर उन्हाळ्यात आम्ही गोदाकाठी तळ ठोकतो आणि दुसऱ्याच दिवशी आयांचे टांगे येतात. पोरे रानटी जीवनाचा अनुभव बेसनाच्या लाडवांबरोबर घेतात. यंदा ठरवले, जिथे कुठल्याही आईचा टांगा पोचणार नाही तिथे जायचे. पालकांच्या सभेत एक वकील उठून म्हणाले, "तिकडे वाघ आहेत म्हणे." मी म्हणालो, "त्यांचीही परवानगी काढली आहे." गंमत अशी, की याच वकिलांचा मुलगा वसंता आमच्या टोळीचा नायक. चौदा वर्षांचा, आणि बोलतो असे की समोरच्याला जामिनाची गरज वाटावी.

नाशिक ते त्र्यंबक टांगे मिळतात. तिथे जेवून घ्या, पुढे गव्हाची पोळी विसरायची आहे. गाडीचे भाडे मात्र जेवणाआधी ठरवा. भरल्या पोटी माणूस घासाघीस करत नाही, आणि हे गाडीवानांना ठाऊक असते. आम्हाला मोखाड्याचा गणू मिळाला. सामान त्याच्या बैलगाडीत आणि आम्ही पायी, असा घाट उतरलो. वाटेवर करवंदे फुकट आहेत. झाडाखाली सडलेल्या मोहाच्या फुलांचा वासही फुकट आहे, पण तो वरिष्ठ कचेरीला कळवू नये.

इथे आमची एक परंपरा सांगितली पाहिजे. बालवीराने रोज एक सत्कृत्य करायचे. आठवणीसाठी सकाळी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झाले की ती सोडायची. नाशकात हे सोपे आहे. रामकुंडावर हात धरून पायऱ्या उतरवायला म्हाताऱ्या वाटेल तितक्या. पण घाटात सत्कृत्यांचा दुष्काळ पडला. लाकडाचा भारा घेऊन चढणाऱ्या एका बाईच्या डोक्यावरून वसंताने "आपले ओझे मला द्या" म्हणत भारा उचलला, तर तिने "चोर! चोर!" करून डोंगर उठवला. गणूने मध्ये पडून मिटवले, पण पुढचा कोसभर तो एकटाच हसत होता. शेवटी पोरांनी तोड काढली. एकाने काठी खाली टाकायची, दुसऱ्याने ती उचलून द्यायची; मग अदलाबदल. घाट संपायच्या आत सगळ्या गाठी सुटल्या. मी पाहिले नाही असे केले. संस्था अशाच चालतात.

मोखाड्यात देवळात मुक्काम केला. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि उडदाचे वरण. भाकरीचा रंग पाहून दोन पोरांनी उपासाचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी कोसभर चालल्यावर त्यांचा उपास आपोआप सुटला.

मोखाड्यापर्यंत इंग्रज सरकार. पुढे जव्हार संस्थान. हद्दीवरच्या नाक्यावर पांढऱ्या मिशांचा एक नाकेदार खाटेवर बसला होता. बालवीर एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. का, ते मी बारा वेळा शिकवले आहे आणि मला एकदाही पटलेले नाही. उत्साहाच्या भरात वसंताने नाकेदारापुढे डावा हात केला. म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मास्तर," तो मायेने म्हणाला, "पोराला घाई लागली असंल तर झाडी त्या अंगाला आहे."

जव्हार गाव टेकडीवर आहे आणि वैशाखातही संध्याकाळी अंगावर पंचा घ्यावासा वाटतो. राजवाडा बाहेरून पाहावा, बाजारात गूळ-शेंगदाणे घ्यावेत आणि चालत शिरपामाळ गाठावा. शिवाजी महाराज इथे थांबले होते असे सांगतात. दरबाराच्या परवानगीने आम्हीही तिथेच थांबलो. तंबू लागले, झेंडा चढला. मी आंब्याखाली सतरंजी टाकून चळवळीच्या भवितव्याचा विचार करत पडलो. दोन दिवस स्वर्ग होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वसंता धावत आला. "मास्तर, खाली शेताला आग!"

आता आग विझवणे हा माझा खास विषय. गेली कित्येक वर्षे आम्ही नाशकात न लागलेली आग विझवत होतो. मी उठून पाहिले, तर उतारावरच्या चार-पाच झोपड्यांच्या पाड्याजवळ एक वाफा धुमसत होता. शेजारी मोहाखाली एक बाई आणि एक जवान गडी स्वस्थ बसले होते. मला वाटले, बिचारी धक्क्याने सुन्न झाली आहेत.

मी तीनदा शिट्टी वाजवली. पोरे सुटली. पाड्याच्या खाली झिरा सापडला, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेला खड्डा, त्यात पाझरलेले पाणी. आमच्या बादल्या कमी पडल्या म्हणून जवळच्या झोपडीच्या ओटीवरचे दोन माठ उचलले. झिऱ्यापासून वाफ्यापर्यंत रांग लागली आणि पाणी हातोहात वर येऊ लागले. तेवढ्यात ती दोघे उठली आणि हात हलवत ओरडू लागली. आम्हाला वाटले, उत्तेजन देताहेत. मी ओरडलो, "घाबरू नका, बाई!" आणि शेवटचे पाणी स्वतः आगीवर फेकले. आवेशात पाण्याबरोबर माठही गेला.

आग विझली. पोरांनी तीनदा जयघोष केला आणि गळ्यातल्या गाठी सोडल्या. बाई जवळ आली. माझ्याच वयाची, कमरेला कोयता.

"झाला?" तिने विचारले.

"झालं," मी घाम पुसत नम्रपणे म्हणालो. "आभार मानायची काही गरज नाही."

"जान्या, ऐकलास?" ती शेजारच्या गड्याकडे, म्हणजे आपल्या भावाकडे वळली. "ह्या मास्तरचा आभार मानू नको." मग वसंताकडे पाहून म्हणाली, "कोनाची आग व्हती ती?"

"तुमची," वसंता म्हणाला.

"कोनी लावली?"

वसंताने विसरलेला धडा विचारावा तसे माझ्याकडे पाहिले.

"मीच लावली ना! राब भाजत व्हते मी!"

ज्यांना माझ्याइतकेच अज्ञान आहे त्यांच्यासाठी सांगतो. नागलीचे रोप करायच्या वाफ्यावर ही माणसे हिवाळ्यापासून साठवलेले शेण, डहाळ्या, पालापाचोळा आणि गवत थरांनी रचतात, वर माती भुरभुरतात आणि हळूहळू जाळतात. हा राब. पहिल्या पावसात त्या राखेत बी पडते. राब भाजला नाही तर रोपाऐवजी गवत येते, आणि नागली म्हणजे या घरांची वर्षाची भाकर. त्या बाईचा, म्हणजे लक्षीबाईचा, अर्धा राब जळून गेला होता आणि अर्ध्याचा आम्ही शिस्तबद्ध चिखल केला होता.

"आन् पानी कुटलं घेतलास?" तिने विचारले. इकडे अहो-जाहो नाही. राजालाही तू म्हणतात, तिथे माझी काय कथा.

"झिऱ्यातलं."

"समदं?"

"थेंबही शिल्लक ठेवला नाही," वसंता अभिमानाने म्हणाला.

जान्याने उताराखालच्या झिऱ्याकडे पाहिले. "रातभर पाझरतो तवा पाड्याला पानी व्हतं," तो म्हणाला. मग पश्चिमेला बोट दाखवले. तिकडे ढगांच्या गाठी दिसू लागल्या होत्या. "सुकवून परत रचाय पायजे. त्याच्या आत वळीव आला तं राब गेला. आवंदा रोप नाय."

माझा हात खिशाकडे गेला. लक्षीबाईने तो पाहिला.

"पैशात पानी ऱ्हातं का, मास्तर? ऱ्हाऊ दे. मीच येते तुज्या घरी एकदा. तुजी बायको भाकर भाजत आसंल, तवा चूल इझवते. तू बी आभार मानू नको."

पोरांच्या माना खाली गेल्या. केलेले सत्कृत्य परत घेण्याची सोय बालवीरांच्या नियमांत नाही. आम्ही ती त्या दुपारी केली. प्रत्येकाने सोडलेली गाठ पुन्हा बांधली. मीसुद्धा.

आधी पाणी. लांबच्या विहिरीवरून ते चढ चढून आणायचे आणि घरोघर ओतायचे. पाड्यावरचा प्रत्येक हंडा भरेपर्यंत आमच्या तळावर चूल पेटली नाही. मग चिखल उकलून एकेक थर उन्हात पसरला. जळलेल्याची भरपाई हवी होती, आणि हिरवी फांदी तोडायला या दिवसांत जंगलखात्याची मनाई. म्हणून उरली गळलेली पाने आणि शेण. शिबिराच्या कार्यक्रमात सकाळी व्यायाम, प्रार्थना आणि नकाशावाचन होते. त्यांच्या जागी शेण आले. वकिलांचे चिरंजीव डोक्यावर पाटी घेऊन एका म्हशीच्या मागे फर्लांगभर चालले, पण म्हशीने दाद दिली नाही.

"मास्तर," वसंताने विचारले, "हे सत्कृत्य धरायचं की शिक्षा? म्हणजे गाठ कधी सोडायची?"

"लक्षीबाईंना विचार."

त्याने खरोखरच जाऊन विचारले. ती म्हणाली, "आदी शेन आन."

राब पुन्हा रचून झाला त्याच संध्याकाळी ढग गडगडत आले. जान्या अंगणात उभा राहून नुसता वर बघत होता.  मी शिट्टी तोंडात घातली, मग काढली.

"बाई, तंबू टाकू का वरून?" मी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा मी मदत करण्याआधी विचारत होतो.

"टाक, टाक! बघतोस काय?"

पोरांनी डोळ्याचे पाते लवायच्या आत तळ मोडला. सगळे तंबू राबावर पसरले, कडेला खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. वारा असा सुटला की कापड फुगून उडू पाहत होते. ज्या गाठींवरून मी वर्षानुवर्षे पोरांची डोकी खाल्ली, आणि ज्यांचा उपयोग आजवर फक्त परीक्षकाला खूश करण्यापुरता होता, त्यातली एकही सुटली नाही. वळीव आला, झोडपून गेला. राब तंबूत होता आणि बालवीर पावसात. वसंताचे दात वाजत होते, तशातच तो मला म्हणाला, "मास्तर, खुंटीची गाठ धरली!" लक्षीबाईने सगळ्यांना आपल्या आणि शेजारच्या झोपड्यांत ओढून नेले आणि चुलीभोवती बसवले. भाकरीच्या रंगाबद्दल कुणी ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी चांगले ऊन तापल्यावर तंबू उचलले. आत हात घालून जान्या हसला. "सुका हाय."

लक्षीबाई माझ्याकडे वळली. "तू इझवलास ना? मंग तूच लाव."

एका काडीत आग पेटवणे ही बालवीराची परीक्षा. ती मी शेकडो पोरांची घेतली आहे. माझी पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी माझ्या श्वासाने विझली. तिसरी मोडली. सगळी टोळी अत्यंत आदराने बघत होती. लक्षीबाईने घरातून पेटती गोवरी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घे. हिला फुंकू नको फकस्त."

राब लागला. धूर वाऱ्याच्या दिशेने सरकू लागला तसा वसंताचा हात सवयीने शिट्टीकडे गेला, आणि जान्याने तो हसत वरच्या वर धरला. मग आम्ही त्या दोघांबरोबर मोहाखाली स्वस्थ बसलो आणि आग नुसती पाहिली. संध्याकाळपर्यंत वाफा काळा-राखाडी, मऊ झाला. "आता सोडा रं गाठी," लक्षीबाई पोरांना म्हणाली. कुणी जयघोष केला नाही. निघताना जान्याने सर्वांपुढे डावा हात केला. पोरांनी तेवढ्यात त्याला बाटवला होता.

फुटलेल्या माठाचे मात्र राहिले. जव्हारच्या बाजारात लग्नसराईमुळे कुंभाराकडची सगळी मडकी आधीच बोललेली. एकही माठ मिळाला नाही. "ऱ्हाऊ दे," लक्षीबाई निघताना म्हणाली होती. येताना घाट चढायचा असतो, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

घरी येऊन आता आठवडा झाला. पोरांच्या कपड्यांना धुराचा आणि शेणाचा वास येतो अशा पालकांच्या तक्रारी आहेत. वकील भेटले; म्हणाले, "आमचा मुलगा हल्ली कुणाला मदत करण्याआधी उलटतपासणी घेतो." मी म्हटले, घराण्याचा गुण. चळवळ सोडावी असे मला अनेकदा वाटले आहे. टोपी आपली नाही, आरोळ्या आपल्या नाहीत, राजा तर सातासमुद्रापलीकडचा. पण पावसात कुडकुडत धरून ठेवलेली ती गाठ आपली होती, म्हणून अजून आहे. आग विझवण्याच्या कवायतीत मात्र मी एक नवी पहिली पायरी घातली आहे: आग कुणाची, ते विचारा.

काल सकाळी गणू माल घेऊन नाशकात आला होता, परतताना दारावरून गेला. बायको देवळात गेली होती. मी स्वयंपाकघरातला माठ रिकामा केला, पेंढ्यात गुंडाळला आणि त्याच्या गाडीत दोन पोत्यांच्या मध्ये नीट बसवला.

"लक्षीबाईला काय सांगू?" गणूने विचारले.

"काही नको. ओटीवर ठेव."

दुपारी पानावर बसलो. बायकोने रिकाम्या तिवईकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पितळी घागरीतले पाणी पेल्यात ओतून पुढे ठेवले.

"कोमट आहे का हो?"

"छान गार आहे," मी म्हणालो आणि आणखी एक पेला मागितला.