फेझंटांची पंगत

जेवायला आलेल्या पाहुण्याला थांबवून कसं घ्यावं, ही विद्या पुरती अवगत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. बायकोचे सख्खे थोरले मामा. हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुनात त्यांचं घर आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर होतं, आणि त्या पाच मिनिटांचा मला लग्नानंतर बरीच वर्षं जाच झाला. नुसती किल्ली द्यायला त्यांच्याकडे गेलेला माणूस अर्ध्या तासानं तिसऱ्या पोळीपाशी कळवळून 'मामा, खरंच नको' म्हणताना दिसायचा. पानावर आडवा हात धरला तर मामा हात बाजूला होईपर्यंत डाव घेऊन शांतपणे उभे राहत. कधी ना कधी माणूस हात काढतोच, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेला एक धिप्पाड गोरा माणूस त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी खाऊन, वर ताक पिऊन, मीटर न वाचताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा मामी म्हणाल्या, "मीटर वाचायला आलाय की खिचडी खायला, ते आधी विचारा."

पेशानं मामा फार्मासिस्ट. हॅमिल्टनच्या बाहेर, शेतकरी वस्तीला लागून असलेल्या एका दवाखान्याच्या औषधकाउंटरवर ते बसत. गोळ्यांची पुडी हातात ठेवताना प्रत्येकाला विचारायचे, "जेवणात काय असतं?" हा प्रश्न औषधाचा भाग आहे असं समजून बिचारे किवी शेतकरी प्रामाणिकपणे चॉप्स, बटाटे, पाव असं सगळं सांगत आणि मामा मान हलवत. अशीच एकदा ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला ग्रॅहमची स्वारी आली. ग्रॅहम म्हणजे साठीचा, बारा महिने अर्ध्या चड्डीत आणि गमबुटांत वावरणारा गायीवाला. त्याच्या सपाट कुरणामागे झाडाझुडपांनी भरलेली एक घळ होती आणि जीव सगळा त्या घळीत. उन्हाळा सरता सरता, म्हणजे तिकडे फेब्रुवारीत, तो तिथे फेझंट सोडायचा. फेझंट म्हणजे कोंबडीचाच भाऊबंद, पण श्रीमंत घरातला: हातभर शेपूट, अंगावर तांबूस सोनेरी जर, गळ्यात पांढरी पट्टी. मे महिन्यात मोसम सुरू झाला की शनिवारी ग्रॅहमचे मित्र बंदुका घेऊन यायचे, हाकारे झाडी झोडपायचे, पक्षी उडायचे आणि हे खालून बार टाकायचे. याला तिथे शूट म्हणतात.

"बीपी का वाढलंय?" मामांनी विचारलं.

"पक्षी थांबत नाहीत, मेट," ग्रॅहम म्हणाला. "फेब्रुवारीत दोनशे सोडतो, मेपर्यंत वीससुद्धा राहत नाहीत. ओढा ओलांडून शेजाऱ्याच्या रानात जातात. यंदाही गेले तर बास. मित्र येणार नाहीत, आणि मुलगा म्हणतोय ती घळ साफ करून तिथं गायी सोडू."

मामांनी फक्त एवढंच विचारलं, "वाढता काय?"

"मका."

"रोज? नुसता मका?" मामांनी चष्मा काढला. "मग जाणारच हो! मी असतो तर मीसुद्धा गेलो असतो."

पुढच्या रविवारी मामा त्या घळीत हजर. सोबत गोणी उचलायला मी, कारण जावई हा प्राणी कशासाठी असतो? इथे सांगितलं पाहिजे, की मामांनी जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. केकात अंडं आहे का, हे ते वासावरून ओळखायचे. मी गाडीत न राहवून म्हटलं, "मामा, ते पक्षी मारण्यासाठी पाळतात, माहितीये ना?" तर म्हणाले, "जावईबापू, आपण वाढपी. वाढप्यानं पंगत बघावी. जेवून उठलेला माणूस पुढे कुठे जातो ते बघणं आपलं काम नव्हे." मामांशी वाद घालायचा म्हणजे वर चहा आणि लाडूही घ्यावा लागायचा.

मग जे सुरू झालं त्याला संशोधनच म्हणावं लागेल. मामांनी घळीत स्टीलच्या आठ वाट्या मांडल्या. गहू, जव, भरडलेला मका, वाटाणे, सूर्यफुलाच्या बिया, इंडियन दुकानातली ज्वारी, मामींच्या डब्यातली बाजरी, आणि ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेली मटकी. स्वतः कानटोपी घालून झाडाआड घडीच्या खुर्चीत बसले आणि कोण काय आधी खातं, किती खातं, पान टाकून उठतं का, सगळं वहीत टिपत राहिले. मामी फोनवर मला म्हणाल्या, "अहो, माझी भाकरीची बाजरी गेली, मटकी गेली. माझ्या माहेरच्यांना कधी एवढं निवडून वाढलं नव्हतं यांनी!" साळुंक्या तेवढ्या मामांच्या डोक्यात जायच्या. त्या तिकडे भारी माजल्या आहेत. पक्ष्यांच्या आधी टपकून अर्ध्या वाट्या साफ करायच्या. "आपल्याकडच्याच आहेत ना मेल्या," मामा हळहळायचे, "आमंत्रण नसताना पहिल्या पंगतीला बसतात. ग्रॅहमपुढे मान खाली जाते हो माझी!"

पंधरा दिवसांनी मामांनी निकाल दिला. ग्रॅहम मामांच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता, मामा उभे. "मक्याचा दाणा मोठा. दहा मिनिटांत पोट भरतं, मग दिवसभर करायचं काय? मोकळं बसलं की पाय फुटतात. गहू द्या, आणि तोही ढीग घालून नको. गवताचा पेंढा अंथरा नि त्यात विखरा. दाणा शोधत पायांनी उकरत बसले पाहिजेत. जेवण लांबलं की पाहुणा थांबतो." ग्रॅहमनं टोपी मागे सारली. "हे माझ्या आजोबांना माहीत होतं बहुतेक," तो म्हणाला. "मीच विसरलो." मामांचं एवढ्यावर भागलं नाही. जेवणानंतर तोंडात टाकायची बडीशेप एकदा त्यांच्या खिशातून पेंढ्यात सांडली होती आणि त्या जागी माद्या दोन दिवस घिरट्या घालत होत्या. तेव्हापासून कुटलेली बडीशेप तेलात मुरवून ते गव्हाला चोळू लागले, तीही फार्मसीतल्या काट्यावर ग्रॅमात तोलून. रोज कामाच्या आधी सकाळी सातला आणि कामावरून परतताना दुपारी चारला घळीत उभे राहून हाक मारायचे, "या, या, या! बसा!" आणि खरं सांगतो, झाडीतून ती जरीची माणसं धावत यायची. एकही ओढा ओलांडेना. मी दूरच्या माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या आमच्या ऑफिसात मीटिंगला गेलो की तिथल्या पोरांना हे सांगायचो, तर कुणाला पटायचं नाही.

मेचा पहिला शनिवार उजाडला. बंदूकवाले रांगेत उभे राहिले, हाकारे झाडी झोडपत निघाले. आणि पक्षी आले. चालत आले! आदल्या दोन दिवसांत मामांनी 'कार्य आहे घरात' म्हणून दुप्पट वाढलेलं होतं. ढेकर द्यायचेच काय ते बाकी राहिलेले ते तुंदिलतनू फेझंट डुलत डुलत बंदूकवाल्यांच्या बुटांपाशी येऊन उभे राहिले आणि वर बघू लागले. बसलेल्या पक्ष्यावर बार टाकणं त्या लोकांत हलकटपणा समजतात. एकानं बंदूक उघडून काडतूस काढून घेतलं. दुसऱ्यानं खिशातलं सँडविच मोडून वाढलं. ग्रॅहम आधी पोट धरून हसला आणि मग हसायचा थांबला.

"हे पुन्हा झालं तर कोणी येणार नाही," तो मामांना म्हणाला. "थांबले, खरंय. पण उडले नाहीत. त्यांना थोडं भुकेलं ठेवायचं असतं. आणि शूटच्या सकाळी काहीच द्यायचं नाही. सगळं आटपल्यावर द्यायचं. नाहीतर घळ गेली, मेट."

मामा त्या दिवशी घरी आले ते कोणाशी बोलेनात. मामींनी मला बोलावून घेतलं. "आज मला 'आणखी घे' म्हणाले नाहीत हो. डॉक्टरला दाखवू या का?" मामा खिडकीत बसले होते. म्हणाले, "जावईबापू, अर्धपोटी उठवायचं. हे कसं करायचं माणसानं? मला कुणी शिकवलंच नाही ते." मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं. आयुष्यभर ज्यानं माणसांचे आडवे हात हटवले, त्याला आता स्वतःचाच हात आडवा धरायचा होता.

पण धरला त्यांनी. घळ त्यांनाही हवी होती. रिटायर होऊन इथे येऊन बसेन असं ते म्हणायचे. पंधरा दिवस त्यांनी गहू तोलून कमी केला, रोज मूठ मूठ. पेंढा उकरून झाला की पक्षी मान वर करून बघायचे आणि मामा पाठ फिरवून गाडीत येऊन बसायचे. "निघा लवकर," म्हणायचे, "मागे बघू नका." नंतरच्या शूटच्या शनिवारी सकाळी ते घळीत गेलेच नाहीत. मी मात्र दुपारी त्यांना घेऊन गेलो. काय उडाले ते पक्षी! झाडांच्या शेंड्यांवरून, आरडत, शेपट्या ताणून. बरेचसे सुटले, काही पडले. बंदूकवाले टोप्या काढून एकमेकांचे हात दाबत होते. घळ वाचली हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

संध्याकाळी ग्रॅहम एक नर आणि एक मादी दोरीनं मानेशी बांधून घेऊन आला. त्या लोकांत तो मान असतो. पक्षी ज्यानं सांभाळले त्याला जोडी देतात. मला वाटलं मामा दोन पावलं मागे सरतील. त्यांनी दोन्ही हातांनी जोडी घेतली आणि थँक्यू म्हणाले. डिकीत ठेवू देईनात. मांडीवर पेपर पसरून त्यावर जोडी ठेवून बसले. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांची बोटं नराच्या गळ्याखाली फिरत होती. तिथे पक्ष्याची दाण्यांची पिशवी असते, खाल्लेलं आधी तिथे साठतं.

"गाडी थांबवा हो जरा," मामा म्हणाले.

मी कुरणाच्या कडेला थांबवली.

"काही नाही ह्यात. एक दाणासुद्धा नाही." पेपरची कड पक्ष्यांवर ओढून घेतली. मग म्हणाले, "आजवर माझ्या दारातून कोणी उपाशी गेलं नव्हतं."

जोडी आम्ही शेजारच्या नर्सबाईंना दिली. मामा त्या रात्री जेवले नाहीत आणि मामींनीही आग्रह केला नाही.

पुढच्या शूटच्या सकाळी मात्र मामा सातला घळीत उभे होते. प्रत्येकापुढे मोजून एक मूठ गहू. ग्रॅहम कुंपणापाशी आला. "जड होतील, मेट. खालून उडतील."

"उडू देत," मामा म्हणाले. "एक घास खाऊन उडतील."

ग्रॅहम कुंपणापासून वळून गायींकडे गेला. त्या दिवशी पक्षी उडाले. किती वर उडाले हे मी पाहिलं नाही, मामांनीही पाहिलं नाही. पुढे प्रत्येक मोसमात, अंगात ताकद होती तोवर, तो एक घास त्यांनी चुकवला नाही.

मामा गेल्यानंतरच्या मे महिन्यात मी ग्रॅहमकडे गेलो होतो, सहजच. शूटची सकाळ होती. बंदूकवाले अंगणात चहा पीत उभे होते आणि हा म्हातारा एकटाच घळीत खाली वाकून पेंढ्यात मूठ मूठ गहू टाकत होता. एक नवीन पाहुणा कुंपणापाशी येऊन म्हणाला, "शूटच्या आधी खायला घालता? असं तर कुठेच करत नाहीत."

ग्रॅहमनं वर बघितलं नाही. "आमच्याकडे करतात," म्हणाला.