तीन खोटे निरंक

मंगळवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी नानाजी काळबांडे १९४१ सालच्या रजिस्टराचं सतरावं पान वाचत होते. त्या पानावर त्यांच्या कामाचं काही नव्हतं, आणि हे त्यांना पान उघडण्याआधीच माहीत होतं. तरी डावीकडच्या रकान्यातलं पहिलं नाव, मग दुसरं, मग तिसरं असं करत ते तळापर्यंत गेले. बोट कागदाला लावलं नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद नुसत्या घामानंही सुटतो, हे ते चार आठवड्यांत शिकले होते.

रिसोडच्या तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष म्हणजे दोन खिडक्यांची लांबट खोली. तीन बाजूंनी लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, मध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या. जुनी रजिस्टरं उघडली की पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पानाचे कोपरे उडून जातात. त्यामुळे खोलीत आवाज असा नसतो. बाहेर कुणी सातबारासाठी भांडत असेल तर तेवढं ऐकू येतं.

नानाजी बघत होते ती कोतवाल बुकं. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे गावचा कोतवाल कळवायचा आणि त्याची नोंद व्हायची. तारीख, बापाचं नाव, जात, राहणार कुठले, आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. लेकराचं नाव नसे, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसंच झालेलं नसे. आज जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागला की माणसं याच पानांवर येतात. आजा-पणजा सापडला की नक्कल घेऊन जातात.

नानाजींना पुरावा हवा होता तो नातीसाठी. त्यांचा मुलगा देवानंद पुण्यात एका कंपनीत आहे. त्याची मुलगी रुचिका यंदा बारावी झाली. पडताळणीचा अर्ज येत्या शनिवारपर्यंत ऑनलाइन भरायचा होता आणि त्याला १९६७ पूर्वीची, जात लिहिलेली एक तरी नोंद जोडायची होती. देवानंद खुल्या गटातून शिकला, नोकरीला लागला, त्याला कधी गरज पडली नाही. नानाजी स्वतः शाळेत गेले ते १९६८ साली, म्हणजे त्या अटीला एक वर्ष उशिरा. त्यांचे वडील पुंजाजी शाळेत गेलेच नाहीत. उरली पुंजाजींच्या जन्माची नोंद.

ती सापडून पाच दिवस झाले होते.

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. घरात तसं कुणी नव्हतंही. मंगरूळपीरला एसटी स्टँडच्या मागे नानाजींच्या दोन खोल्या आहेत. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बायको ललिताबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. देवानंदचे फोन त्यांनाच यायचे. दर रविवारी अर्धा-पाऊण तास मायलेक बोलायचे आणि नानाजी बाजूला बसून एकीकडचं बोलणं ऐकायचे. मध्येच ललिताबाई विचारायच्या, ‘बोलता का?’ नानाजी हातानंच राहू दे म्हणायचे. त्या गेल्यावर फोन नानाजींकडे यायला लागला, तेव्हा बापलेकांच्या लक्षात आलं की आपल्याला बोलायला विषय नाही. जेवलात का, जेवलो. तब्येत बरी ना, बरी. दोन मिनिटांत फोन संपायचा. मग महिन्यातून दोनदा, मग सणाला.

रुचिकाच्या कागदाचं निघालं आणि फोन रोज यायला लागला. रात्रीच्या जेवणाआधी, बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी. देवानंदचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘आज कोणतं साल झालं?’

नानाजींकडे उत्तर तयार असे. त्यांनी दोनशेपानी वही केली होती आणि तिच्यात कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदासारखे रकाने आखले होते. तारीख, गाव, साल, पाहिलेली पानं, निकाल. निकालाच्या रकान्यात रोज एकच शब्द: निरंक.

सुरुवातीचे अकरा दिवस ते मंगरूळपीरच्या तहसीललाच बसले. काळबांड्यांचं मूळ गाव शेलूबाजारजवळ, तेव्हा नोंद इथंच असणार, यात कुणाला शंका नव्हती. १९३० ते १९४२ सगळी पानं झाली. आजोबा ओंकार सापडले, पण चार लेकरांच्या नोंदींत. त्या चौघांतल्या तिघांची नावं घरात माहीत होती, चौथं लहानपणीच गेलं होतं. थोरले पुंजाजी मात्र कुठेच नव्हते. जणू ते जन्मलेच नव्हते.

बाराव्या दिवशी नानाजी शेलूबाजारला गेले. तिथं त्यांच्या चुलत घराण्यातल्या सोजरबाई आहेत. वय नव्वदीच्या पुढे, डोळ्यांनी अधू, जीभ शाबूत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, ‘नान्या, तुहा देवानंद कुठं झाला?’

‘कारंज्याकडे. तिच्या मायरी.’

‘मंग तुहा बाप कायले सासरी होईन? पयल्या बाळंतपनाले बाई मायरी जाते. तुमी सारे बापे बापाचं गाव धुंडून राह्यले. बाळंत काय बाप झाला होता?’

ओसरीवरच्या बाया हसल्या. नानाजींनाही हसू आलं. देवानंद झाला तेव्हा कारंज्याकडच्या त्या गावी ग्रामपंचायतीत नोंद करायला ते स्वतः गेले होते. इतकं करूनही अकरा दिवस त्यांना सुचलं नाही, कारण वंशाचा शोध म्हटलं की पाय बापाच्या गावाकडेच वळतात.

पण मग आजीचं माहेर कोणतं? वहीत काढलेल्या वंशावळीत सटवाजी, त्यांचे ओंकार, त्यांचे पुंजाजी, त्यांचे नानाजी अशी सरळ रेघ होती. आजीचं नावही नव्हतं. सोजरबाईंनाही नाव आठवेना. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा म्हातारी होती, उंच होती, आवाज मोठा होता. ‘नाव कोन घेते? रिठदवालीच म्हनत सारे,’ त्या म्हणाल्या.

एवढं पुरलं. रिठद रिसोड तालुक्यात येतं. दुसऱ्या दिवसापासून नानाजींनी सव्वासातची मंगरूळपीर-वाशीम गाडी धरली, वाशीमला गाडी बदलून ते पावणेदहाच्या सुमारास रिसोडला पोचू लागले. निवृत्त कर्मचाऱ्याचा पास होता. कधी एखादा कंडक्टर ओळखीचा निघायचा, एखाद-दुसरा शब्द व्हायचा. नाहीतर ते खिडकीशी बसून थांब्यांची नावं मनातल्या मनात पुकारायचे. ही सवय गेली नव्हती.

गुरुवारी दुपारी पाऊण वाजता, १९३६ च्या रजिस्टरात, नोंद सापडली. ११ जानेवारी. ओंकार वल्द सटवाजी, पुढे जात, राहणार शेलूबाजारकडचे, हल्ली मुक्काम रिठद. मुलगा. अक्षर बाळबोध आणि स्वच्छ होतं. नानाजींनी ती ओळ तीनदा वाचली. मग रजिस्टर मिटलं, गठ्ठा बांधला आणि परतीची गाडी धरली.

रात्री आठ दहाला फोन आला. ‘आज कोणतं साल?’

‘पस्तीस झालं. छत्तीस अर्धं,’ नानाजी म्हणाले. ‘काही नाही.’

हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. पण बोलून गेले, आणि त्या दिवशी देवानंद चाळीस मिनिटं बोलला. ओंकार आजोबा काय करायचे, त्यांच्याकडे बैल किती होते, रिठदला ते बैलगाडीनं गेले असतील का, म्हातारी दिसायला कशी होती. नानाजींनी उंचीचं आणि आवाजाचं सांगितलं. देवानंद म्हणाला, रुचिकाही उंच आहे. हे नानाजींना माहीत नव्हतं. तिला पाहून दोन वर्षं झाली होती.

फोन ठेवल्यावर त्यांनी वही उघडली आणि निकालाच्या रकान्यात निरंक लिहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हिशोबाच्या कागदावर खोटा आकडा लिहिला नव्हता. तपासणीचं पथक चढलं की इतर कंडक्टर घामाघूम व्हायचे, नानाजी खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. आता शुक्रवारी दुसरा निरंक पडला. शनिवार-रविवार कार्यालय बंद. सोमवारी तिसरा.

नकलेला तीन कार्यालयीन दिवस लागतात, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. मंगळवारी अर्ज दिला तर शुक्रवारी नक्कल हाती पडते. बुधवारी दिला तर सोमवार उजाडतो, आणि मुदत शनिवारची. नानाजींनी हे गुरुवारीच मोजून ठेवलं होतं. म्हणजे आपल्याला अजून किती फोन मिळतील, तेही मोजलं होतं.

सोमवारच्या फोनवर मात्र देवानंदनं वेगळंच काढलं. निताशी, म्हणजे बायकोशी, बोलून त्यानं ठरवलं होतं. नोंद नसेल तर नसेल, रुचिकाचा फॉर्म खुल्या गटातून भरायचा. कॉलेज थोडं दुय्यम मिळेल. ‘तुम्ही खूप केलं बाबा. उद्यापासून जाऊ नका, एवढा प्रवास या वयात,’ तो म्हणाला. मागून रुचिकाचा आवाज आला, थँक यू आजोबा. फोन चार मिनिटांत संपला.

तरी मंगळवारी ते सव्वासातच्या गाडीत होते. अर्ज द्यायचाच, हे रात्रीच पक्कं झालं होतं. पण कक्षात आल्यावर हात सवयीनं १९४१ च्या रजिस्टराकडे गेला.

कक्षाचं काम ज्योत्स्ना नावाच्या लिपिक पाहतात. तिशीतल्या, वाशीमहून येऊन-जाऊन करतात. त्या अकराच्या सुमारास टेबलापाशी आल्या, उभ्यानंच रजिस्टराचं साल पाहिलं.

‘बाबा, तुमच्या वडलांचा जन्म एक्केचाळीसचा कसा होईन? धाकट्याची नोंद मंगरूळले अडतीसची भेटली म्हनत होते ना तुमी?’

नानाजींनी चष्मा काढला.

‘आन् शुक्रवारपासून आल्या आल्या पयले छत्तीसचं मांगता,’ त्या पुढे म्हणाल्या. ‘एकच पान पाह्यता आन् ठिवून देता. कवा सापडली?’

‘बेस्तरवारी.’

‘मंग इतके दिवस काय पाहून राह्यले?’

नानाजींनी रजिस्टर मिटलं. ज्योत्स्नांनी टेबलाच्या खणातून नकलेच्या अर्जाचा कोरा नमुना काढला, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या की साहेब दीडला बाहेर जाणार आहेत, त्याआधी शेरा मारून घेते. मग स्वतःच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दर महिन्याला त्या खोलीत पंचवीस-तीस माणसं येतात. ज्याला सापडत नाही तो भांडतो, ज्याला सापडते तो पुन्हा दिसत नाही. सापडूनही येत राहिलेला त्यांनी हा पहिलाच पाहिला होता.

अर्ज भरायला नानाजींना पंचवीस मिनिटं लागली. ‘नात्याचा तपशील’ या रकान्यात त्यांनी ‘अर्जदाराचे वडील’ लिहिलं. आईच्या नावासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता. बारा वाजून पाच मिनिटांनी पोचपावती हातात आली.

दुपारी घरी पोचल्यावर त्यांनी वही काढली. कंडक्टरच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही, असा नियम आहे. नानाजींनी गुरुवारच्या निरंकावर रेघ मारली, वर ‘नोंद मिळाली, ११-१-१९३६’ लिहिलं आणि सही केली. शुक्रवार आणि सोमवारच्या निरंकांवर रेघ मारली, वर ‘काम नव्हते’ लिहिलं, सही केली.

संध्याकाळी आठ दहाला फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. आठ वाजून बारा मिनिटांनी नानाजींनी स्वतः लावला. आजवर मुलाला त्यांनी आपणहून फोन केला होता तो एकदाच, ललिताबाई गेल्या त्या पहाटे. त्यामुळे पलीकडून देवानंदचा पहिला शब्द ‘काय झालं?’ असाच आला.

नोंद सापडली, असं नानाजींनी सांगितलं. मग पलीकडे गडबड उडाली. देवानंदनं निताला हाक मारली, रुचिका ओरडली, कुणीतरी फोन स्पीकरवर टाकला. तारीख काय, जात स्पष्ट आहे ना, नक्कल कधी. नानाजींनी एकेकाचं उत्तर दिलं. कधी सापडली, हे कुणी विचारलं नव्हतं. तिथंच फोन ठेवता आला असता.

‘देवानंद, स्पीकर बंद कर,’ नानाजी म्हणाले. आवाज जवळ आल्यावर म्हणाले, ‘नोंद बेस्तरवारीच भेटली होती.’

‘म्हणजे? आम्ही काल खुल्या गटाचा फॉर्म भरायला बसलो होतो, बाबा. पोरगी रडली इथं.’

‘हो.’

‘मग सांगितलं काहून नाही?’ बऱ्याच वर्षांनी देवानंदच्या तोंडून ‘काहून’ निघालं.

‘सांगतलं असतं त फोन आला नसता.’

पलीकडे दूर टीव्ही चालू होता. मग निताची हाक आली, देवानंदनं तिला आलो म्हटलं. तो रागावला होता की नाही, हे नानाजींना आवाजावरून कळलं नाही. एवढी वर्षं तो आवाज ललिताबाईंच्या कानात जायचा, नानाजी शेजारी बसून फक्त त्यांचं उत्तर ऐकायचे.

‘शुक्रवारी नक्कल किती वाजता मिळेल?’ देवानंदनं विचारलं.

‘बारापर्यंत.’

‘लगेच फोटो पाठवा. मी साडेबाराला फोन करतो.’

‘बरं.’

एकूण सहा मिनिटं झाली. नानाजींनी फोन चार्जिंगला लावला आणि भाकर खाल्ली. सकाळच्या डब्याला वापरायचा रुमाल धुऊन दोरीवर टाकला. मग वही उघडून बुधवारची तारीख लिहिली. गाव, साल, पानं हे तिन्ही रकाने कोरे ठेवले. निकालाच्या रकान्यापाशी पेन थांबलं आणि त्यांनी वही मिटली.

पोचपावती वहीतच होती. तिच्या मागच्या बाजूला छापलेलं आहे की नक्कल तीन कार्यालयीन दिवसांनी मिळेल, अर्जदारानं त्याआधी चौकशीसाठी येऊ नये. उद्या बुधवार आहे. मंगरूळपीर-वाशीम गाडी सकाळी सव्वासातला सुटते.