उठावदार शिक्का

भिंगमामांना मी एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावरून पाहिलं, आणि त्यातली निदान पंधरा तरी त्यांच्यावर चिडण्यात घालवली. मी आवक-जावक सांभाळते. मामा प्रमाणपत्रं तपासायचे. आमच्या कार्यालयात नर्सेसची नोंदणी होते, आणि परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सला आमचं ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय निघता येत नाही. त्या पत्रासाठी इंग्रजी परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. ते खरं की खोटं हे मामा ठरवायचे, आणि एकदा त्यांनी ठरवलं की साहेबसुद्धा न वाचता सही करायचे. तसे साहेब काहीच वाचत नसत, पण मामांचा कागद ते विश्वासानं वाचत नसत.

मामांच्या खिशात पितळी मुठीचं भिंग असे. कागद समोर आला की आधी तो कानाजवळ नेऊन फडफडवायचा, मग उजेडाकडे धरायचा, मग शिक्क्यावरून अंगठा फिरवायचा आणि शेवटी भिंग. हे सगळं इतकं सावकाश चाले की समोरच्या खऱ्या माणसालाही आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटू लागे. जुनी प्रमाणपत्रं मामांना फार आवडत. सोनेरी वेलबुट्टीची चौकट, नागमोडी अक्षरं, खाली उठावदार शिक्का. गुण मात्र कोपऱ्यात मुंगीएवढे, ते मला कधी वाचता आले नाहीत. मामाही ते वाचत असतील असं वाटत नाही. त्यांच्या तपासणी तक्त्यात चौदा रकाने होते आणि सहावा होता, ‘शिक्का उठावदार आहे काय?’ ‘प्रमाणपत्र खरं आहे काय?’ असा रकाना चौदांत कुठेच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी परीक्षा मंडळानं प्रमाणपत्र बदललं. वेलबुट्टी गेली, शिक्का गेला. मोठ्या ठसठशीत अक्षरांत नाव, फोटो, बोलणं-ऐकणं-वाचणं-लिहिणं यांचे वेगवेगळे गुण, कधीपर्यंत चालेल ती तारीख, आणि खाली साध्या शब्दांत एक ओळ, की ही व्यक्ती रुग्णांशी आणि डॉक्टरांशी न अडखळता बोलू शकते. कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांचा चौकोन. त्यावर मोबाईल धरला की मंडळाकडची नोंद समोर येते. लहान मुलालाही समजावं इतकं ते सोपं होतं, आणि नेमकं तेच मामांना खटकलं.

“इतकं स्पष्ट?” ते मला म्हणाले. “बाई, खरा कागद इतका स्पष्ट नसतो.”

मंडळानं या बदलाचं पत्रही आम्हाला पाठवलं होतं. मीच त्याला आवक क्रमांक दिला आणि मामांच्या टेबलावर ठेवलं. मामांनी भिंग लावलं, पत्रावर शिक्का नाही असं पाहिलं आणि ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारून ते कपाटात टाकलं. शिक्का बंद झाल्याचं सांगणारं पत्र शिक्का नाही म्हणून बाद! मी हसले, घरी जाऊन सांगितलं, तिथेही सगळे हसले. साहेबांकडे जाऊन बोलायचं मात्र माझ्या जिवावर आलं. याची लाज मला आजही वाटते.

तरी काम काही अडलं नाही. पहिले दोन महिने प्रमाणपत्रं परत गेली आणि मग पुन्हा शिक्क्याची येऊ लागली. मामा खूश. “बघा, आले ना वठणीवर!” असं ते मंडळाबद्दल म्हणायचे.

मग एका सोमवारी त्यांची भाची आली. ही त्यांच्या विधवा बहिणीची मुलगी, मामांच्याच घरात वाढलेली. इंग्रजी मुळाक्षरं तिला मामांनीच पाटीवर गिरवायला लावली होती. आता ती चांगली सहा वर्षांच्या अनुभवाची नर्स होती. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला जागा दिली होती. शुक्रवारी आमचं पत्र हातात नसेल तर शनिवारचं विमान चुकणार आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. मामांनी तिचं प्रमाणपत्र फडफडवलं, उजेडाकडे धरलं, अंगठा फिरवला आणि परत दिलं.

“शिक्का नाही.”

“मामा, आता नसतोच शिक्का. हा चौकोन बघा ना, मी दाखवते मोबाईलवर.”

“मोबाईल तुझा. त्यात तू दाखवशील तेच दिसणार.”

“अहो, निदान घरच्या माणसावर तरी विश्वास ठेवा!”

“माझा आहे गं. पण कागदाला मामा नसतो.”

ती रडली नाही, पण जाताना माझ्याकडे असं बघून गेली की मी दिवसभर फायली आपटत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचं कार्यालय मला नोकरीत सापडलं.

गुरुवारी दुपारी ती पुन्हा आली. प्रमाणपत्रावर आता शिक्का होता, तोही असा उठावदार की आंधळ्यानंही पास करावा. मामांचा चेहरा उजळला. “सापडला ना शेवटी? मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही,” असं म्हणत त्यांनी भिंग लावलं. आणि ते भिंग तिथेच थांबलं.

शिक्क्याच्या कडेला बारीक दाते होते. खालच्या बाजूचा एक दाता तुटलेला होता.

मामा उठले. कपाटातून नवं प्रमाणपत्र आल्यापासूनच्या फायली काढून टेबलावर मांडू लागले. एक शिक्का, दुसरा, दहावा. तेवढाच दाता, तिथेच तुटलेला. त्रेपन्न फायली, त्रेपन्न शिक्के, आणि प्रत्येकासमोर सहाव्या रकान्यात मामांच्या वळणदार अक्षरात ‘उत्तम’.

“हा कुठून आणलास?” त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

“फाटकासमोरच्या शिक्केवाल्याकडून,” भाची म्हणाली. “सगळेच तिथून मारून घेतात, मामा. तो आधी विचारतो, भिंगमामांकडे जायचंय का? मग जरा जोरात दाबतो.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मामा खुर्चीत बसले आणि बराच वेळ भिंगाची मूठ नुसती पुसत राहिले. मग भाचीला म्हणाले, “तो मोबाईल आण. कसा धरायचा ते दाखव.”

तिनं दाखवलं. तिचा फोटो आला, गुण आले, तारीख आली. मामा हळूच म्हणाले, “बोलण्यात इतके मिळवलेस? सांगितलं नाहीस.” “तुम्ही विचारलं कुठे?” ती म्हणाली. मग आम्ही तिघं सगळ्या फायली घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत पन्नास खऱ्या निघाल्या. तीन चौकोन नुसतीच चित्रं होती. मोबाईल धरला तरी काही उघडेना. त्या तिघींनाही मामांनी ‘उत्तम’ दिलं होतं.

आता प्रश्न भाचीचा होता. खऱ्या प्रमाणपत्रावर आमच्यामुळे खोटा शिक्का बसला होता. नवीन प्रत मागवायला आठवडा लागणार होता, आणि हातात एक दिवस होता. आता मामा नियम काढणार आणि पोरीचं वाटोळं होणार, या भीतीनं मी भांडायच्या तयारीत उभी राहिले. मामांनी तक्ता ओढला आणि सहाव्या रकान्यात लिहिलं, ‘आहे, पण खोटा. माझ्या आग्रहामुळे मारावा लागला. प्रमाणपत्र खरं आहे, मंडळाची नोंद मी स्वतः पाहिली.’ खाली सही केली. वेगळ्या कागदावर त्या तिघींबद्दल आणि स्वतःच्या चुकीबद्दल साहेबांना लिहिलं. पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वाकडं आलं होतं.

शुक्रवारी साहेबांनी दोन्हींवर न वाचता सही केली. ना-हरकत पत्र तक्त्याच्या प्रतीसह पाकिटात गेलं, मामांनी स्वतःच्या हातानं लाख वितळवून त्यावर मोहोर उठवली. पोरगी शनिवारी उडाली. दुसरा कागद वरच्या कार्यालयात गेला, त्याचं उत्तर महिन्यानं आलं. तक्त्यात पंधरावा रकाना वाढवला होता, ‘चौकोन तपासला काय? पडद्याची छापील प्रत शिक्क्यासह जोडावी.’ फाटकासमोर शिक्केवाल्यानं शेजारचा गाळाही घेतला.

सुट्टीवर आली तेव्हा भाची मामांना भेटायला कार्यालयात आली. तिथे काय काय झालं ते भरभरून सांगत होती. मामांना मात्र एकच विचारायचं होतं. “आमचं पत्र दिलंस ना? हॉस्पिटलवाले काय म्हणाले? तो शेरा वाचून काही बोलले का?”

ती जरा घुटमळली. “मामा, त्यांनी मी अर्ज केला त्याच दिवशी चौकोन तपासला होता. पत्र तुमच्याजवळच ठेवा म्हणाले.” तिनं पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

मामांनी खिशातून भिंग काढलं आणि लाखेवर धरलं. मोहोर कुठेही तडकलेली नव्हती.