पलंगराव आधी पोचले

गाद्या विकणाऱ्या माणसाने पडून चालवायची सायकल घ्यावी, यात खरं तर नवल काही नव्हतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना "जरा पाठ टेकून बघा" म्हणत आलेला हा गृहस्थ. आता स्वतःच पाठ टेकून, पाय पुढे ताणून, रस्त्यापासून गुडघाभर उंचीवरून निघाला, इतकंच. दर रविवारी एकत्र फिरायला जाणाऱ्या सायकलवाल्या मंडळींनी त्यांचं नाव पलंगराव ठेवलं. त्यांना ते कौतुक वाटलं.

उभ्या सायकलवाल्यांची त्यांना मनापासून कीव यायची. "कुबड काढून बसतात बिचारे. अक्कल असती तर आडवे झाले असते," असं ते नाक वर करून सांगत. दुकानात गादी दाबून बघायला आलेल्या माणसाचीही, आडवी सायकल वारा कसा कापते हे ऐकल्याशिवाय सुटका नसे.

सपाटीवर आणि उतारावर त्यांची सायकल पळायची, हे नाकारण्यात अर्थ नाही. घोडं पेंड खायचं ते चढावर. बाकीचे पेडलवर उभे राहून जोर लावत. पडल्यापडल्या माणूस कसला जोर लावणार? आणि चढावर एकदा टेकवलेला पाय पुन्हा उचलायला गेलं, की सायकल कलंडलीच. त्यामुळे पलंगराव नेहमी सगळ्यांत शेवटी पोचत. मंडळींचा रिवाज असा, की शेवटचा माणूस आल्याशिवाय चहाचा कप कुणी तोंडाला लावायचा नाही. सगळे यांच्यासाठी ताटकळत उभे राहत, आणि यांना वाटे, लोक आपली सायकल बघायला थांबलेत.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची बायको गाद्यांच्या खोळी शिवायची. केसांत कापूस, हाताखाली शिलाई मशीन, समोर भिंत. नवरा तिच्या वाट्याला उरला होता तो घोरण्यापुरता. रविवार सायकलचा, आणि सोमवार रविवारच्या फुशारकीचा. शेवटी ती हट्टाला पेटली. भाचीची जुनी सायकल घेऊन मागच्या गल्लीत शिकली, दोन्ही कोपरं फोडून घेतली, आणि डोंगरावरच्या गावाला जायचं ठरलं तेव्हा म्हणाली, "मीही येते. फक्त मला मागे टाकून जाऊ नका. एवढं जमलं, तर यापुढे दर रविवारी येईन. नाहीतर माझं मशीन आहेच."

"तुझी ती उभी सायकल माझ्याबरोबर टिकली म्हणजे मिळवली," पलंगराव म्हणाले. मग तिचा चेहरा बघून पुढे म्हणाले, "बरं. नाही जात टाकून."

मंडळींची म्होरकी दातांची डॉक्टरीण होती. नवी बाई बरोबर आहे म्हणून तिने सगळ्यांनाच सावकाश चालवायला लावलं. त्यामुळे चढ लागला तरी पलंगराव चक्क सगळ्यांच्या जवळपास होते. त्यांच्या अंगात वारं शिरलं. आज घोडामैदान जवळ आहे, आज दाखवतोच एकेकाला, असं त्यांनी मनाशी घेतलं.

एका अवघड वळणावर बायकोच्या सायकलची चेन पडली आणि पाठोपाठ ती स्वतः पडली. गुडघा सोलवटला. ती रस्त्याच्या कडेला तशीच बसली आणि मागून येणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा थांबा."

पलंगरावांनी तिच्याकडे बघितलं, मग चढाकडे बघितलं. चढच जिंकला.

"मला थांबता येत नाही," ते म्हणाले. "थांबलो की संपलं. तू चेन बसव, वर भेटू."

ती जमिनीवर बसलेली, ते सायकलवर पडलेले. जाताना त्यांचं तोंड अगदी तिच्या तोंडासमोरून गेलं. इतक्या जवळून त्यांनी तिच्याकडे कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं, आणि आताही बघितलं नाही.

बाकीचे सगळे थांबले. पलंगराव मात्र गावात पहिले पोचले. दगडी घरं, उतरती गल्ली, नळावर पाणी भरणाऱ्या दोघीजणी, कोपऱ्यावर चहाची टपरी. त्यांनी चहा मागवला, प्यायला, आणि आपण सगळ्यांना कसं धूळ चारून आलो ते चहावाल्याला सांगितलं. त्याने ऐकता ऐकता भांडी विसळली.

बऱ्याच वेळाने मंडळी आली, ती चालत. सगळेच आपापल्या सायकली हाताने ढकलत होते. बायकोच्या गुडघ्याला डॉक्टरीणबाईंचा रुमाल बांधलेला होता, आणि तिची सायकल दुसऱ्याच कुणीतरी आणली होती.

"काय, दमलात वाटतं?" पलंगरावांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी रिकाम्या कपाकडे बघितलं. "आम्हाला सगळ्यांना चहा द्या," त्या चहावाल्याला म्हणाल्या. "यांचा झालाय."

तेव्हा कुठे पलंगरावांना काहीतरी खुपलं. ते बायकोजवळ सरकले. "मी थांबलो असतो तर पुन्हा निघता आलं नसतं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. चालत यायचं होतं माझ्याबरोबर."

"सायकल हातात धरून? मी?" पलंगराव म्हणाले, आणि त्यांना खरोखरच हसू आलं.

तिने चहा संपवला. इतरांबरोबर, घाई न करता, शेवटच्या घोटापर्यंत. मंडळी निघायला उठली तशी तीही उठली.

"तुम्ही व्हा पुढे," ती सगळ्यांच्या देखत नवऱ्याला म्हणाली. "मी या मंडळींबरोबर येईन. आणि दर रविवारी येईन."

पलंगराव आडवे झाले आणि निघाले. खाली उतारच होता. सायकल सुसाट सुटली, आणि थांबा म्हणायला मागून कुणी हाक मारली नाही.